चौकोनात न मावणारी पृथ्वी

आयोवा, नेब्रास्का किंवा कॅन्सस या अमेरिकी राज्यांचे उपग्रहचित्र मोबाइलवर मोठे करून पाहिले, तर बुद्धिबळाच्या पटासारखी शेते दिसतात आणि जवळजवळ दर मैलावर एक रस्ता सरळ गेलेला दिसतो. हे पाहून बहुतेकांचा समज होतो की कोणीतरी कार्यालयात बसून, नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या असाव्यात. पण त्यातलाच एखादा रस्ता बोटाने उत्तरेकडे नेत गेलो, तर काही मैलांनी तो एकाएकी थबकतो, शे-दोनशे फूट बाजूला सरकतो आणि पुन्हा नाकासमोर उत्तरेला लागतो. तिथे नदी नसते, टेकडी नसते, कोणाची विहीरही नसते. आडवी येते ती पृथ्वीची गोलाई.

या चौकटीचा उगम १७८५ च्या जमीन-अध्यादेशात आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियासारखी राज्ये ॲपलाचियन पर्वतापलीकडच्या प्रदेशावर हक्क सांगत होती, आणि असा हक्क नसलेले मेरीलँड त्या कारणासाठी संघराज्याच्या करारावर सही करायला तयार नव्हते. व्हर्जिनियाने आपला हक्क सोडून तो प्रदेश संघाला देण्याची तयारी दाखवल्यावर १७८१ मध्ये मेरीलँडने सही केली. अमेरिकेच्या ऐक्याला कागदापलीकडचा पहिला भक्कम आधार मिळाला तो या सामाईक जमिनीचा, असे मला वाटते. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या सामाईक विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि डोक्यावर युद्धाचे कर्ज होते. त्यामुळे जमीन विकायची होती आणि विकण्यापूर्वी ती मोजायची होती. १७८७ च्या अध्यादेशाने ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरीला मनाई केली, आणि ६०,००० मुक्त रहिवासी झाल्यावर तिथले नवे राज्य जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात येईल, असेही ठरवले.

मोजणीचे मुख्य साधन होते एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास रूढ केलेली, १०० कड्यांची ६६ फुटी साखळी. अशा ८० साखळ्यांचा मैल होतो आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. मराठी वाचकाला हे माप परके नाही. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीतली ३३ फुटांची साखळी हिच्या बरोबर निम्मी, आणि ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा म्हणजे आपला गुंठा. म्हणूनच ४० गुंठ्यांचा एकर होतो. मात्र गुंटर आणि गुंठा यांचे ध्वनिसाम्य पाहून व्युत्पत्ती जोडण्याचा मोह आवरलेला बरा. दोन माणसे साखळीची टोके धरून चालत. पुढचा जमिनीत लोखंडी खूण रोवी, मागचा ती उचलून घेई, आणि हातात जमलेल्या खुणांवरून अंतराचा हिशेब राही. कोपऱ्याजवळच्या झाडांवर कुऱ्हाडीने घाव घालून खूण करत. झाड नसलेल्या गवताळ माळावर खड्डे खणून मातीचा ढीग रचत. कड्यांचे सांधे झिजून साखळी हळूहळू लांब होई, म्हणून ती प्रमाण मापाशी पुन्हापुन्हा ताडून पाहावी लागे.

प्रत्येक टाउनशिप ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद, तिच्यात प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ सेक्शन, आणि बाजू खऱ्या उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम दिशांना धरून, अशी आज्ञा होती. भूमितीच्या दृष्टीने ही आज्ञा पाळणे अशक्य आहे. रेखावृत्ते समांतर नसतात. मोसंबीच्या फोडींच्या कडांप्रमाणे ती ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर एका रेखांशाचे अंतर सुमारे ६९ मैल असते, तर ४० अक्षांशावर ते जेमतेम ५३ मैल उरते. चौकोनाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा किती आखूड पडेल, हे काढायला रुंदी आणि लांबी यांचा गुणाकार करावा, त्याला अक्षांशाच्या टॅन्जंटने गुणावे आणि पृथ्वीच्या त्रिज्येने भागावे. ४० अक्षांशावर ६ मैलांच्या चौकोनासाठी उत्तर येते सुमारे ४० फूट. एका टाउनशिपमध्ये ते खपून जाते. पण त्याच दोन रेखावृत्तांमधून २४ मैल उत्तरेला गेलो, की तिथली टाउनशिप सुमारे १६० फुटांनी अरुंद झालेली असते.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात चूक नाहीशी करण्याचा आव नाही. ठरावीक अंतरावर, बऱ्याच ठिकाणी दर २४ मैलांवर, एक अक्षवृत्त पुन्हा काटेकोरपणे आखायचे, त्यावर ६-६ मैलांच्या खुणा नव्याने मारायच्या आणि जुन्या, आत झुकलेल्या रेषा तिथेच संपवायच्या. हीच दुरुस्तीरेषा. खालची रेषा आणि नवी रेषा जुळत नाहीत, आणि हद्दीवरून जाणारा रस्ता तिथे पायरी घेतो. टाउनशिपच्या आतली उरलीसुरली तूट उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांवर ढकलायची, म्हणजे मधले सेक्शन शक्य तितके पूर्ण राहतात. सेक्शनांचे क्रमांक १७९६ पासून नांगराच्या तासांसारखे आहेत: ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे १ ते ६, मग खालच्या ओळीत उलट फिरून ७ ते १२.

खरी उत्तर सापडणे हेही सोपे नव्हते. मोजणीदार विल्यम बर्ट यांनी १८३६ मध्ये सूर्यावरून दिशा दाखवणाऱ्या होकायंत्राचे पेटंट घेतले. १८४४ मध्ये मिशिगनमध्ये त्यांच्या तुकडीची चुंबकसुई भलतीकडे फिरू लागली आणि पायाखाली लोहखनिज असल्याचे उघड झाले.

चौकट उत्तम होती, पण तिच्यात कोणती समाजव्यवस्था नांदणार हे ती सांगू शकत नव्हती. १८२० च्या मिसूरी तडजोडीने, मिसूरीचा अपवाद करून, लुइझियाना खरेदीतल्या, म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखातल्या, ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरीला मनाई केली. १८५४ च्या कायद्याने ही मनाई रद्द झाली आणि कॅन्सस व नेब्रास्का यांच्यातला निर्णय रहिवाशांवर सोडला गेला. दोघांची हद्द ठरली ४० वे अक्षवृत्त, आणि मोजणीची आधाररेषाही तेच. आता रहिवाशाने जमिनीवर सांगितलेला १६० एकरांचा, म्हणजे पाव सेक्शनचा, प्रत्येक दावा म्हणजे एक मतही होते, त्यामुळे मोजणीदारांच्या आधीच दोन्ही बाजूंचे लोक येऊन बसले. नोव्हेंबर १८५५ मध्ये जमिनीच्या अशाच एका वादातून गुलामगिरीसमर्थक फ्रँकलिन कोलमनने विरोधी गटातल्या चार्ल्स डाऊला गोळी घातली, आणि त्यातून सशस्त्र गट समोरासमोर आले. कॅन्सस मुक्त राज्य म्हणून संघात आले ते जानेवारी १८६१ मध्ये; तोपर्यंत दक्षिणेतली काही राज्ये संघातून बाहेर पडली होती.

यादवी युद्धादरम्यानच वस्ती करून शेती करणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन जवळजवळ फुकट देणारा १८६२ चा होमस्टेड कायदा आला आणि चौकट पश्चिमेला पसरत गेली. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असे तेव्हा जाहिरातदारच नव्हे तर काही अभ्यासकही छातीठोकपणे सांगत. भूगर्भशास्त्रज्ञ आणि पश्चिमेचे शोधक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावले होते की कोरड्या प्रदेशात १६० एकरांचा हिशेब चालणार नाही, आणि चराऊ शेतीला २,५६० एकर लागतील. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १८९० च्या दशकातल्या अवर्षणाने नांगराच्या पावसाचा निकाल लावला.

ही जमीन मोजण्याआधी रिकामी नव्हती. १८८७ च्या डॉज कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनी त्याच मापाने, कुटुंबप्रमुखाला १६० एकर याप्रमाणे वाटल्या, आणि उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून इतरांसाठी खुली केली. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे वाटप थांबले तेव्हा ४ कोटी ८० लाख एकर उरली होती.