संगणकाचा पंखा घोंघावतो तेव्हा

टेबलाखालचा डेस्कटॉप एक दिवस घोंघावू लागतो. काही दिवस आपण दुर्लक्ष करतो, मग कान विटतात आणि नवा पंखा मागवायचा विचार सुरू होतो. माझं सांगणं एवढंच, की आधी पाच मिनिटं नीट ऐका. आवाजांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घोंघावणं निराळं, घरघर निराळी, टकटक निराळी आणि शिट्टी निराळी. संगणकाच्या खोक्यात या चारही आवाजांची कारणं निराळी असतात, आणि पुष्कळदा त्यात पंख्याचा काडीचाही दोष नसतो.

सगळ्यात नेहमीचा आवाज घोंघावण्याचा. हा वाऱ्याचा आवाज. पाती हवा कापतात, हवेत भोवरे उठतात, समोरच्या जाळीवर आपटतात. पंख्याचा वेग वाढला की हा आवाज बेसुमार वाढतो. वेग दुप्पट झाला तर हवा दुप्पट वाहते, पण पंखा फिरवायला वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळपास दुप्पट वाटते, म्हणजे १५ डेसिबल किती जाणवत असतील बघा. उलटही तितकंच खरं आहे: वेग निम्मा करता आला, तर खोली शांत होते. ८० मिलिमीटरच्या छोट्या पंख्याऐवजी १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा पंखा लावतात तो यासाठीच. तेवढीच हवा तो संथ फिरूनही ढकलतो.

पण मुळात वेग वाढला का? पंखा आपल्या मर्जीनं फिरत नाही. प्रोसेसर म्हणजे संगणकाची मुख्य चिप. तिच्या पोटातले सेन्सर तापमान सांगतात आणि मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, त्याप्रमाणे पंख्याला वेग ठरवून देतो. तेव्हा घोंघावणं म्हणजे आत गरम होतंय, एवढाच त्याचा अर्थ. आधी टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती काम करतोय हे दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून बघा. एखादा प्रोग्रॅम मागच्या मागे प्रोसेसर राबवत असेल, तर पंख्याचं काही चुकलेलं नाही, तो प्रोग्रॅम बंद करा. मात्र प्रोसेसर नुसता बसून आहे, तरी तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे आणि पंखा जोरात, असं असेल तर उष्णतेची बाहेर पडायची वाट कुठेतरी अडली आहे.

माझ्या संगणकात ती कुठे अडली होती, ते सांगतो. झाकण काढून पाहिलं तर प्रोसेसरवरचा पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. पात्यांच्या कडेला धुळीची करडी रेघ, बाकी काही नाही. चार खिट्ट्या सोडवून पंखा उचलला तेव्हा खालचा प्रकार दिसला. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर धुळीची घोंगडी अंथरलेली होती, इतकी घट्ट की एका कडेला धरून ती अखंड सोलून निघाली. पंखा जिवाच्या आकांतानं हवा ढकलत होता आणि ती हवा त्या घोंगडीवर आपटून बाजूंनी निघून जात होती. वरून बघून ‘स्वच्छ आहे’ असं म्हणायचं नाही, हे मी तेव्हा शिकलो.

धूळ काढताना दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा. आणि हवेच्या फवाऱ्यानं धूळ उडवताना पंखा बोटानं धरून ठेवा. तो भिरभिरताना बघायला मजा येते, पण पंख्याच्या मोटरमध्ये चुंबक आणि तारेची वेटोळी असतात, आणि बाहेरून फिरवल्यावर तीच मोटर वीज तयार करते, आणि ती उलटी मदरबोर्डकडे जाऊ शकते. शिवाय नेमून दिलेल्या वेगापलीकडे फिरल्यानं बेअरिंगची झीज होते ती वेगळीच.

धूळ काढूनही तापमान उतरत नसेल, तर संशय थर्मल पेस्टवर, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेल्या लेपावर, घ्या. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंक दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, तरी त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फटी राहतात. त्या फटींत हवा असली तर उष्णता अडते, कारण हवेपेक्षा पेस्ट उष्णता शंभराहून अधिक पटींनी चांगली वाहून नेते. काही वर्षांत पेस्ट वाळते. जुनी पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब लावला की काम होतं.

आता घरघर. ही मात्र पंख्याचीच, म्हणजे बेअरिंगची. स्वस्त पंख्यांत साधी स्लीव्ह बेअरिंग असते: एक दांडा, एक नळी आणि मध्ये तेलाचा पातळ थर. तेल आटलं की धातूला धातू लागतो. थंड संगणक सुरू केल्यावर घरघर होते आणि थोड्या वेळानं कमी होते, ही या दुखण्याची हमखास खूण. मागचा कागद सोलून तेलाचा थेंब सोडता येतो, पण तो उपाय तात्पुरता. पंखा बदलावा. नवा घेताना आकारमान मोजा आणि जोडणीत तीन पिना आहेत की चार, ते बघा. चार पिनांच्या पंख्याला वेगाचा हुकूम सेकंदाला २५ हजार स्पंदांनी मिळतो. माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही, म्हणून त्या हुकमाचा स्वतःचा आवाज आपल्याला येत नाही.

टकटक म्हणजे बहुधा एखादी वायर पात्यांना चाटते आहे. वायर बांधून टाका, संपलं.

मला सगळ्यात आवडणारं कोडं निराळंच आहे. खोक्यातून ‘घूंऽऽ… घूंऽऽ…’ असा लाटांसारखा चढउतार येतो आणि एकेक पंखा ऐकावा तर प्रत्येक जण निर्दोष. समजा सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला २० फेरे, आणि दर सेकंदाला १४० वेळा एखादं पातं एकाच जागेवरून जातं. हाच त्याचा सूर, १४० हर्ट्झ. शेजारचा तसाच पंखा १२१० फेरे घेत असेल, तर त्याचा सूर साधारण १४१ हर्ट्झ. हे दोन सूर कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि सेकंदाला सुमारे एक लाट ऐकू येते. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळपास जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत की जो हेलकावा येतो, तोच हा. वादक तो मिटवायला तार जुळवतो. संगणकात मात्र सूर मुद्दाम लांब न्यायचे: बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन एका पंख्याचा वेग दोनेकशे फेऱ्यांनी बदलला की लाटा थांबतात.

तिथेच आणखी एक सेटिंग बघून घ्या. ब्राउझर उघडला की पंखा उसळतो आणि लगेच निवतो, असं होत असेल तर वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबायला त्याला सांगता येतं. चिप क्षणात तापते, पण धातूचा जड हीटसिंक सावकाश तापतो. तेवढ्या वेळात पंख्यानं धावण्याची गरज नसते.

आवाज नक्की कुठून येतोय हे कळत नसेल, तर जाड कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं लांबूनच एकेका पंख्याकडे रोखा. खोक्याच्या पत्र्यावर तळवा दाबून बघा. आवाज बदलला, तर पत्रा थरथरतोय, स्क्रू घट्ट करा. आणि गेम चालू असताना बारीक, तीक्ष्ण शिट्टी येत असेल, जी पडद्यावरचं दृश्य बदलताच बदलते, तर ती पंख्याची नव्हे. ग्राफिक्स कार्डवरच्या तारेच्या वेटोळ्यांची ती थरथर. गेमचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, मर्यादित केला की ती बरीच उतरते.

आवाज पॉवर सप्लायच्या डब्यातून येत असेल तर तो डबा उघडू नका. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वायर काढल्यावरही काही काळ शेकडो व्होल्ट धरून बसतात. तिथला पंखा बिघडला असेल, तर जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा किंवा अख्खा डबाच बदलावा.