लिंबूभात (चित्रान्न)

शिजवून मोकळ्या केलेल्या भाताला मोहरी, हळद व कढीपत्ता यांची फोडणी देऊन त्यात लिंबाचा रस आणि चिरलेली कोथिंबीर मिसळतात, तो भात. कन्नडमध्ये चित्रान्न, तेलुगूत निम्मकाय पुलिहोर व तमिळमध्ये एलुमिच्चै सादम् ही त्याची नावे. शिळ्या भाताला कांद्याची फोडणी देऊन वर लिंबू पिळतात, तो फोडणीचा भात निराळा धरावा. त्यात लिंबू ऐच्छिक असते, येथे ते मुख्य असते.

‘चित्रान्न’ हा शब्द पदार्थापेक्षा बराच जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ग्रहशांतीसाठी नऊ ग्रहांना नऊ अन्ने सांगितली आहेत. गुडौदनाने (गूळभाताने) सुरू होणाऱ्या त्या यादीत शेवटचे, म्हणजे केतूचे अन्न चित्रान्न आहे. या स्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक असा धरतात. अलीकडचे संशोधक तो चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत खाली आणतात. कोणताही काळ मानला तरी त्या चित्रान्नात लिंबू असल्याचे श्लोकावरून निघत नाही. ‘चित्र’ म्हणजे नाना रंगांचे, एवढेच तेथे अभिप्रेत दिसते. शिवाय मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकात वा त्यापुढे, भारतात आले. तेव्हा आजच्या चवीचा लिंबूभात त्याआधीचा असू शकत नाही. नावाच्या प्राचीनतेवरून पदार्थाची प्राचीनता सांगण्याचा मोह टाळणे बरे.

लिंबू या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत आंबट फळे येतात ती मुख्यतः मातुलुंग (महाळुंग) व जंबीर (ईडलिंबू) या नावांनी. ‘निंबू’, ‘निंबूक’ ही रूपे उत्तरकालीन असून सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ती स्पष्टपणे नोंदलेली आहेत. काही भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ऑस्ट्रोआशियाई (मुंडारी, संथाळी यांच्या कुळातील) भाषांतून संस्कृतात आला असे मानतात. इतरांच्या मते त्याचे मूळ मलाय ‘लिमाउ’कडे जाते आणि फार्सी ‘लीमू’, अरबी ‘लैमून’ हे शब्द त्याच व्यापारी वाटेवरचे आहेत. मराठी ‘लिंबू’मधला आरंभीचा ‘ल’ दुसऱ्या मताच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे करता येईल, पण तो टिकणारा नाही. मराठीने संस्कृत ‘निंब’चेही ‘लिंब’ केले आहे (कडुलिंब), आणि त्या झाडाचा मलायशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ‘न’चा ‘ल’ होणे हा मराठीच्या घरचाच बदल असल्याने पहिले मत अधिक सावध वाटते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपले कागदी लिंबू (सिट्रस ऑरॅन्टिफोलिया) म्हणजे इंग्रजीतील ‘लेमन’ नव्हे, ‘लाइम’ होय. ‘लेमन राइस’ हे रूढ नाव म्हणूनच थोडे चुकीचे आहे. जनुकीय अभ्यासानुसार कागदी लिंबू हा सिट्रस मायक्रँथा ही लिंबूवर्गातील एक जात आणि महाळुंग यांचा संकर आहे, तर लेमन हा आंबट संत्रे आणि महाळुंग यांचा. दोन्हीकडे पितृत्व महाळुंगाचेच. सिट्रस वंशाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार व पश्चिम युनान या पट्ट्यात असावे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासाने सुचवले.

कढीपत्ताही लिंबाच्याच रुटेसी कुलातला आहे. त्याचे दुसरे मराठी नाव कढीलिंब. ते पानांच्या सारखेपणावरून कडुलिंबाशी नाते जोडते, पण कडुलिंब मेलिएसी कुलातला. खरे नाते निघते लिंबाशी. कोथिंबीर मात्र परक्या कुलातली. संस्कृत ‘कुस्तुंबुरु’पासून आलेला हा शब्द पाणिनीच्या सूत्रातही (६.१.१४३) आढळतो.

कृती थोडक्यात : एक वाटी तांदूळ फडफडीत शिजवून परातीत पसरून निववतात. तेलात मोहरी तडतडली की हरभऱ्याची व उडदाची डाळ, शेंगदाणे, मिरच्या, हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद घालतात. फोडणी भातावर ओतून मीठ व एका मोठ्या अथवा दोन लहान लिंबांचा रस घालून हलक्या हाताने कालवतात. वरून कोथिंबीर. नेमके प्रमाण ज्याच्या त्याच्या जिभेवर असते.

खरा प्रश्न क्रमाचा आहे. हळद तेलातच घालायची, कारण तिच्यातील कर्क्युमिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. नंतर भुरभुरलेली हळद ठिपके ठेवते. आम्लात कर्क्युमिन पिवळेच राहते (अल्कात ते तांबडे होते), म्हणून लिंबाने रंग बिघडत नाही. रस आच बंद केल्यावरच घालावा. सायट्रिक आम्ल उकळून उडत नाही, त्यामुळे आंबटपणा शिल्लक राहतोच. जातो तो सुवास, कारण लिमोनीन व सिट्रल ही सुगंधी द्रव्ये उडून जाणारी आहेत. दुसरे, लिंबूवर्गीय फळांत चव नसलेले एक पूर्वद्रव्य असते. रसातील आम्लामुळे त्याचे हळूहळू कडू लिमोनॉइड बनते आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. बिया किंवा सालीखालचा पांढरा भाग चिरडला तर कडवटपणा आणखी वाढतो. रस आधी वाटीत गाळून त्यात मीठ व चिमूटभर साखर विरघळवून शिंपडला, तर तो सगळीकडे सारखा लागतो. थेट पिळल्यास एक घास आंबट, दुसरा अळणी. कोथिंबीर शेवटी घालण्याचे कारणही आम्लच. आम्ल व उष्णता यांनी पानातील हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. कालवण्यासाठी कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये.

भात निववण्यामागे स्टार्चचा गुणधर्म आहे. थंड होताना त्याचे रेणू पुन्हा जुळून शिते घट्ट होतात व कालवताना मोडत नाहीत. अधिक अमायलोजचे (भात मोकळा ठेवणाऱ्या स्टार्चच्या प्रकाराचे) तांदूळ यासाठी सोयीचे. आंबेमोहोरासारखा मऊ, चिकटणारा तांदूळ कमी सोयीचा. शिळा भात चालतो, पण तो लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि उघड्यावर राहिलेल्या भातात वाढतात. या जंतूच्या विषांपैकी एक तर पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. लिंबाच्या आम्लावर या बाबतीत विसंबू नये.

आंबटासाठी लिंबाऐवजी महाळुंग, ईडलिंबू किंवा कैरीही चालते. कैरीच्या चित्रान्नात किसलेली कैरी फोडणीतच परततात. आच बंद करून आंबट घालण्याचा नियम तिला लागू नाही.