लूझिंग माय रिलिजन (आर.ई.एम.चं गाणं)

'लूझिंग माय रिलिजन' हे आर.ई.एम. या अमेरिकन अल्टरनेटिव्ह रॉक बँडचं १९ फेब्रुवारी १९९१ ला आलेलं सिंगल (म्हणजे अल्बममधून वेगळं काढलेलं गाणं), 'आउट ऑफ टाइम' अल्बममधलं पहिलं. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात १९८० ला सुरू झालेला हा बँड, मायकल स्टाइप गायला, पीटर बक गिटारवर, माइक मिल्स बेसवर आणि बिल बेरी ड्रम्सवर. गाणं कोणीही सुचवलेलं असो, नाव चौघांचं लागायचं, तसं ते इथेही लागलंय.

झालं असं की १९८९ ची लांबलचक टूर संपेपर्यंत बकला इलेक्ट्रिक गिटारचा कंटाळा आला होता, त्याने मेंडोलिन (छोटं, जोडतारांचं वाद्य) घेतलं आणि टीव्ही बघत बघत शिकायला बसला, बाजूला रेकॉर्डर चालूच होता. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली तर सगळ्या खुडबुडीच्या मधे ही धून सापडली. सुरुवातीला डेमोचं नाव नुसतं 'शुगर केन' होतं. रेकॉर्डिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं, प्रोड्युसर बँडसोबत स्कॉट लिट, अकूस्टिक गिटारला पाहुणा वादक पीटर होल्सॅपल, आणि मागे जी व्हायोलिनं वगैरे हळूच येतात ती अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांची.

नावावरून लोकांना वाटतं हे देवाधर्माविरुद्धचं गाणं आहे, तसं काही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे डोकं फिरायची वेळ आली, सहनशक्ती संपली की असं म्हणतात. गाणं आहे एकतर्फी प्रेमाचं, समोरच्याने काहीतरी इशारा दिला की आपल्यालाच भास झाला या घोळात अडकलेल्या माणसाचं. बरं, यात धड कोरस (पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद) नाही, पुढे मेंडोलिन, त्यामुळे हे पहिलं सिंगल म्हणून काढायला रेकॉर्ड कंपनी, वॉर्नर, जरा कचरतच होती. पण ते अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हिट गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, बँडचं तिथलं सगळ्यात मोठं हिट. ब्रिटनमध्ये मात्र १९ वरच थांबलं.

व्हिडिओ

खरी गंमत इथे आहे. डायरेक्टर तरसेम सिंग, जालंधरचा, शिमल्याला शिकलेला आणि मग कॅलिफोर्नियात फिल्म शिकायला गेलेला. त्याला आधी आपल्याकडच्या सिनेमासारखं सगळं भडक, मेलोड्रामावालं आणि स्वप्नासारखं करायचं होतं. शेवटी जे झालं ती खिचडी आहे, पण काय जमलीये! कोलंबियन लेखक मार्केझच्या एका गोष्टीतला पंखवाला म्हातारा आहे, इटालियन चित्रकार काराव्हाजिओच्या चित्रांमधला अंधार आणि एका बाजूने पडणारा उजेड आहे, बाण लागलेला ख्रिस्ती संत सेबॅस्टियन आहे, येशूच्या जखमेत बोट घालून खात्री करणारा त्याचा शिष्य थॉमस आहे आणि मधेच हिंदू देवदेवतांच्या रूपात सजवलेली माणसं, ती बघताना आपल्याला थेट भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं, बाहेरच्यांना काय आठवत असेल कोण जाणे.

सुरुवातीला गाणं लगेच सुरूच होत नाही. अंधारी खोली, बाहेर पाऊस, बाकीचे तिघे खोलीतून इकडून तिकडे पळतात, स्टाइप तसाच बसलेला, आणि खिडकीतला दुधाचा जग खाली पडून फुटतो. मग मेंडोलिन. दुधाचा हा प्रकार रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'द सॅक्रिफाइस' सिनेमावरून घेतलाय. स्टाइपचे ते हातपाय झटकत केलेले विचित्र हातवारे बघून हा नाचतोय का याला झटका आलाय असं वाटतं, त्यामागे टॉकिंग हेड्स या बँडचा गायक डेव्हिड बर्नचा प्रभाव आहे.

१९९१ च्या एमटीव्ही अवॉर्ड्समध्ये व्हिडिओ ऑफ द इयर धरून सहा बक्षिसं मिळाली, पुढच्या वर्षी गाण्याला आणि व्हिडिओला एकेक ग्रॅमी. 'आउट ऑफ टाइम'साठी बँडने टूरच केली नाही, म्हणजे बहुतेक लोकांनी त्यांना पाहिलं ते या व्हिडिओतच. १९९१ मध्येच स्टार टीव्हीवरून एमटीव्ही आपल्याकडेही दिसायला लागलं होतं. तरसेमने नंतर 'द सेल' आणि 'द फॉल' हे सिनेमे केले, दुसऱ्यात राजस्थान भरपूर दिसतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन्हींची बीजं या व्हिडिओत आहेतच.

बेरी १९९७ ला बाहेर पडला, बँड २०११ मध्ये बंद झाला. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला साँगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघे पुन्हा एकत्र स्टेजवर आले आणि तेव्हा वाजवलं ते हेच गाणं.