कमरेचा माग आणि चौकटीचा माग: दोन्ही हातमागच, पण कापड एक नव्हे

"ही नागा शाल हातमागाची आहे, म्हणजे कमरेच्या मागावर विणलेली." प्रदर्शनांतल्या पाट्यांवर, ऑनलाइन दुकानांच्या वर्णनांत, लेखांत हे वाक्य सतत दिसतं. त्यातला 'म्हणजे' चुकीचा आहे. नागालँड, मिझोराम, मणिपूर, अरुणाचल या सगळ्या राज्यांत पायाने चालणारे चौकटीचे हातमागही आहेत आणि विणकरिणीच्या कमरेला बांधलेले मागही. दोन्हींवर हातानेच विणतात. पण कापड वेगळं निघतं, त्याला लागणारा वेळ वेगळा आणि किंमतही वेगळीच असायला हवी.

सरकारी शिक्का हा घोळ सोडवत नाही. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्यात हातमागाची व्याख्या सरळ आहे: यंत्रमाग नसलेला कोणताही माग. २००६मध्ये सुरू झालेलं हँडलूम मार्कचं लेबलही तेवढंच सांगतं, की कापड यंत्रमागाचं नाही. ते कमरेच्या मागाचं आहे का, हे त्या लेबलावरून कळत नाही. ते कापडातच बघावं लागतं.

चौकटीचा माग मराठी वाचकाला नवा नाही. येवल्याचा खड्डामाग डोळ्यांसमोर आणा: पुढच्या-मागच्या तुळयांवर ताणून गुंडाळलेला ताणा म्हणजे उभे धागे, पायाखाली पावड्या, इकडून तिकडे जाणारा धोटा आणि बाणा म्हणजे आडवा धागा ठोकणारी फणी. आसामी बायकांचा दोन भागांचा पोशाख, मेखला-चादर, अशाच मागावर विणतात, आणि मिझोराममधल्या थेनझॉलसारख्या विणकामाच्या गावातही चौकटीचे माग आहेत. लाकूड आणि ठेवण बदलते, तत्त्व तेच. त्यावर आणखी लिहीत नाही.

कमरेच्या मागाला चौकटच नाही. इंग्रजीत त्याला लॉइन लूम म्हणतात. मणिपूरच्या मैतेई भाषेत 'ख्वांग इयोंग', ख्वांग म्हणजे कंबर. नुसता ठेवलेला असेल तर तो माग वाटतही नाही, बांबूच्या आणि लाकडाच्या काठ्यांची मोळी वाटते. लांबची काठी घराच्या भिंतीला किंवा खांबांना बांधतात. जवळची काठी दोरीने एका रुंद पट्ट्याला जोडलेली असते. हा पट्टा चामड्याचा, वेताचा किंवा विणलेला असतो आणि तो विणकरिणीच्या कमरेमागून जातो. ती पाय पसरून जमिनीवर बसते, तळवे एका बांबूला टेकवते आणि मागे रेलते. रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल. बाकी मधल्या काठ्या: ताण्याचे दोन थर वेगळे ठेवणारा जाड बांबू, खालच्या थराचा एकेक धागा दोऱ्याच्या फासात पकडणारी काठी, प्रत्येक धाग्याचा एक वेढा घेऊन त्यांचा क्रम सांभाळणारी बारीक काठी, आणि ताड-सुपारीच्या जातीच्या झाडाच्या टणक लाकडाची गुळगुळीत, जड तलवार.

विणताना एक पाळी सोपी आणि एक अवघड असते. सोप्या पाळीत ती मागे रेलते आणि जाड बांबू पुढे ओढते. दोन थरांत आपोआप फट पडते. तलवार आडवी आत घालून उभी केली, की बाणा गुंडाळलेली कांडी सरकायला वाट होते. अवघड पाळीत आधी पुढे झुकून ताणा सैल करावा लागतो, मग फासांची काठी वर उचलून खालचा थर वरच्या थरातून बाहेर काढायचा, आणि धागे एकमेकांना चिकटले असतील तर बोटांनी चाळवून सोडवायचे. त्यानंतर तलवार, कांडी, आणि शेवटी तलवार कमरेच्या दिशेने ओढून ठोका. हे सगळं केल्यावर एक आडवा धागा बसतो. विणकरीण मागासमोर बसते असं म्हणतात. खरं तर ती स्वतःच मागाचा एक भाग असते.

किरकोळ फरक पटकन उरकतो. एक माग जमिनीवर, दुसरा बाकावर बसून. एक गुंडाळून काखेत मारता येतो, दुसऱ्याला जागा हवी. एकात पाय टेकायला, दुसऱ्यात पावड्या दाबायला. लेखांत आणि माहितीपटांत याच गोष्टींवर भर असतो, कारण त्या फोटोत दिसतात. कापड ओळखायला त्यांचा काही उपयोग नाही.

लोक चुकतात ते फणीपाशी. चौकटीच्या मागावर प्रत्येक उभा धागा, किंवा धाग्यांची जोडी, फणीच्या एका दातातून जाते. त्यामुळे धाग्यांमधलं अंतर आधीच ठरतं आणि आडवा धागा त्या अंतरात बसतो. कापडात दोन्ही धागे दिसतात. उभा लाल आणि आडवा काळा असेल तर दुरून तपकिरी रंग दिसतो. पारंपरिक कमरेच्या मागावर फणी नसते. अंतर राखायला काहीच नसल्यामुळे उभे धागे एकमेकांना खेटून बसतात. इतके खेटून, की आडवा धागा त्यांच्या पोटात झाकला जातो. कापडाच्या अंगावर फक्त ताणा दिसतो. बाणा दिसतो तो किनारीला, जिथे तो वळून परत आत जातो.

ही एक गोष्ट समजली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. नागा आणि मिझो कापडांत उभ्या पट्ट्या इतक्या ठळक, निखळ रंगाच्या का असतात? कारण रंग ताण्यात आहे आणि बाणा त्यात मिसळत नाही. आडवी नक्षी कायम उठावाची का असते? कारण साध्या विणीत आडवा रंग दिसूच शकत नाही. तो दाखवायचा तर जादा बाणा घालावा लागतो. बांबूच्या टोकदार काडीने किंवा साळिंदराच्या काट्याने उभे धागे मोजून उचलायचे आणि रंगीत धागा हाताने आत भरायचा. तिरकी रेघ हवी असेल तर ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते. म्हणून 'लॉइन लूमची' म्हणून विकायला ठेवलेल्या शालीवर साधी विणलेली चौकडी दिसली, जिथे दोन रंग एकमेकांत मिसळून तिसरा तयार झालाय, तर तिथेच थांबा. ते कापड फणीतून आलंय. ते वाईट नाही, पण त्याला दिलेलं नाव खोटं आहे.

उजेडाची परीक्षाही करून पाहा. न धुतलेलं कापड खिडकीसमोर धरा. फणीच्या कापडात उभ्या दिशेने सारख्या अंतरावर बारीक उजेडाच्या रेघा दिसतात, दातांच्या जागेच्या. कमरेच्या मागाच्या कापडात अशा रेघा नसतात. ते जाड आणि भरीव असतं, लांबीच्या दिशेने ताठ. धुतल्यावर रेघा मिटत जातात, म्हणून ही परीक्षा नव्या कापडावरच करायची. काही ठिकाणी फणी बसवलेले सुधारित कमरेचे मागही वापरात आहेत. त्यांच्या कापडाला ही खूण लागू पडत नाही, तिथे विचारूनच घ्यावं लागतं.

आता जोड. दोन-तीन पट्टे शिवून केलेली शाल पाहिली की गिऱ्हाईक नाक मुरडतं: "अखंड नाही का?" ही तक्रार पूर्णपणे उलटी आहे. कमरेच्या मागावर पट्ट्याची रुंदी सहसा दीड ते पावणेदोन फुटांच्या आसपास राहते. इंचात पन्नास धागे धरले तरी वीस इंचांत हजार होतात. ते सगळे एका कमरेच्या रेट्याने ताणायचे आणि फासांच्या काठीने एकदम उचलायचे. रुंदी वाढली की प्रत्येक धाग्याच्या वाट्याला ताण कमी येतो, मधले धागे ढिले पडतात आणि फट नीट उघडत नाही. म्हणून शाल दोन किंवा तीन पट्ट्यांची. मणिपुरी बायका कमरेला गुंडाळतात ती फनेकही अशीच मधोमध जोडलेली असते. तेव्हा पाचेक फूट रुंद, बिनजोडाची शाल कमरेच्या मागावरची म्हणून कुणी विकत असेल, तर ती घेऊ नये.

पण नुसता जोड दिसला म्हणूनही विश्वास ठेवू नका, कारण रुंद कापड कापून आणि पुन्हा शिवून जोड तयार करता येतो. शाल उलटी करून जोड पाहा. खऱ्या शालीत प्रत्येक पट्टा स्वतंत्र विणलेला असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना विणीचीच पक्की किनार असते आणि जोडात किनारीला किनार भिडलेली दिसते. कापून शिवलेल्या शालीत दोरे सुटलेली कड आत दुमडून लपवलेली असते. बोटाला तिथे जाड कंगोरा लागतो. माझ्या मते खात्रीची खूण हीच.

लांबीबद्दलही गैरसमज आहे. कमरेच्या मागाचा ताणा दोन काठ्यांभोवती वेटोळ्यासारखा गोल फिरतो. विणलेला भाग वेटोळं सरकवत खाली न्यायचा आणि पुढे विणायचं. कापडाची लांबी म्हणजे या वेटोळ्याचा घेर, काठ्यांमधल्या अंतराच्या साधारण दुप्पट. टोकाशी येता येता न विणलेला ताणा इतका आखूड उरतो की तलवार उभी राहत नाही. तो तुकडा तसाच सोडून मधोमध कापतात आणि त्याचीच दोन टोकांची दशी होते. दशी वेगळी लावलेली नसते, ताण्याचे धागेच असतात. यातून निघणारा हिशेब सोपा आहे: कुणी 'लॉइन लूमचं' कापड वीस मीटरच्या थानातून मीटरवर कापून देत असेल, तर ते लॉइन लूमचं नाही.

बिघडतं कुठे, तेही कापडात वाचता येतं. बाणा जोरात ओढला की पट्टा मधेच आवळतो. तो आवळू नये म्हणून टोकांशी टोचणारी बांबूची कामटी पट्ट्याच्या रुंदीत अडकवतात आणि दर दोन-तीन इंचांनी पुढे सरकवतात. कामटीकडे दुर्लक्ष झालं की किनार नागमोडी होते. दुसरा दोष जोडाच्या वेळी उघडा पडतो. एका पट्ट्यावर ठोका कडक आणि दुसऱ्यावर हलका पडला, तर तेवढ्याच धाग्यांची नक्षी एका पट्ट्यात आखूड आणि दुसऱ्यात लांब होते. जोडापाशी आकृत्या पाव-अर्धा इंच पुढेमागे होतात. इतका फरक हाताच्या कामात चालतो. बोटभर फरक मात्र घाईचं काम दाखवतो. तिसरा दोष सुताचा. खेटलेले धागे दर पाळीला एकमेकांवर घासतात, म्हणून एकेरी, सैल पिळाचं सूत टिकत नाही, त्याला केस सुटतात आणि फट अडते. दुपदरी, घट्ट पिळाचं सूत लागतं. सुती असेल तर भाताच्या पेजेची खळही देतात.

यावरून चौकटीचा माग हलका ठरत नाही. इंफाळ खोऱ्यातलं 'वांगखेई फी' हे पातळ कापड घ्या, २०१४मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं. ते अंगावर घेतलं की आरपार दिसतं, आणि त्यासाठी उभे धागे अंतर ठेवूनच बसायला हवेत. ते काम फणीचं. पारदर्शक कापड आणि खेटलेला ताणा एकत्र नांदू शकत नाहीत. दोन माग दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. अंगावर ओढायची जाड शाल कमरेच्या मागाचीच घ्यावी आणि उन्हाळ्यातली पातळ ओढणी फणीची, असं माझं ठाम मत आहे.

घोळ सगळ्यात जास्त जाणवतो तो आओ नागांच्या त्सुंगकोटेप्सू शालीत. ही पूर्वी योद्ध्याची आणि मान मिळवलेल्या पुरुषाची शाल. दोन्ही बाजूंना गडद रंगाच्या आणि लाल पट्ट्या, मधोमध पांढरा पट्टा. त्या पांढऱ्या पट्ट्यावरची चित्रं विणलेली नसतात. मिथुन हा गव्यासारखा प्राणी, हत्ती, वाघ, धनेश, कोंबडा, माणसाचं मुंडकं ही सगळी हाताने काढलेली असतात. झाडाचा चीक, तांदळाची कडक बिअर आणि पानांची राख यांचा काळा रंग बांबूच्या टोकदार काडीने लावायचा. विणकाम बायकांचं आणि हे चित्रकाम पुरुषांचं, अशी रीत. या शालीतही पट्टे जोडलेले आहेत, आणि तिथेही जोड हेच अस्सलपणाचं चिन्ह आहे. आता ती चित्रं छापलेली किंवा भरतकाम केलेली मिळतात. ती ओळखायला पाच-सहा मिथुन शेजारी शेजारी पाहा. हाताने काढलेल्यांत दोन शिंगं कधीच सारखी नसतात. छापलेल्यांत एकच मिथुन पुन्हा पुन्हा दिसतो.

विकत घेतलीच, तर पहिल्यांदा वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात, साबण न घासता धुवा. लाल रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरू शकतो. पिळू नका, आणि दोरीवर जोडाच्या रेषेवर टांगू नका. ओल्या कापडाचं वजन सगळं त्या हाताने घातलेल्या टाक्यांवर येतं आणि जोड लोंबतो. सावलीत आडवी पसरून वाळवा, सगळे पट्टे सारखे सपाट बसतील अशी.