टीम, मीट, मेट, टेम आणि ६४,०४२

मे महिन्यात भाची दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहायला आली की दुपारी स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स जुळवून शब्द बनवायच्या खेळाचा, पट मांडला जातो. बडोद्याच्या उन्हात दुसरं करण्यासारखं काही नसतंच. परवा तिच्याकडे सात अक्षरं आली आणि काही केल्या शब्द जुळेना. तिने ती अक्षरं मोबाइलवर टाकली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शब्दांची यादी हजर. "मामा, एआय कसलं फास्ट आहे ना!"

मला राहवलं नाही. हल्ली संगणकाने काहीही केलं की त्याला एआय म्हणायची पद्धत पडली आहे. हे काम एआयचा गवगवा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून संगणक करत आले आहेत. शिवाय ते ज्या गणितावर करता येतं, ते तिच्या शाळेच्या दप्तरात आहे.

बहुतेकांना वाटतं की संगणक अक्षरांची उलटापालट करून प्रत्येक जुळणी शब्दकोशात शोधतो. तसंही करता येईल. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या सात अक्षरी जुळण्या ५,०४० होतात आणि लहान शब्द धरले तर एकूण १३,६९९. त्यात एक टाइल ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणारी कोरी, असेल तर हा पसारा पुष्कळ पटींनी वाढतो. पण मुळात उलटापालट करायचीच कशाला? हातात अक्षरं कोणती आणि किती, एवढंच महत्त्वाचं आहे. त्यांचा क्रम आपल्याला नकोच आहे. म्हणजे क्रम विसरणारी, पण बाकी काहीही न विसरणारी खूण हवी.

अशी खूण मूळ संख्यांपासून बनते, आणि ती मला फार आवडते. ए ला २ द्या, बी ला ३, सी ला ५, डी ला ७, ई ला ११. असं करत गेलं की झेडला सव्विसावी मूळ संख्या मिळते, १०१. आता शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. टी-ई-ए-एम, टीम: ७१ × ११ × २ × ४१ = ६४,०४२. मीट, मेट आणि टेम (एम-ई-ए-टी, एम-ए-टी-ई, टी-ए-एम-ई) यांचाही गुणाकार तोच, कारण गुणाकाराला क्रमाची पर्वा नसते. उलट दुसऱ्या कुठल्याही अक्षरसंचाचा गुणाकार ६४,०४२ येऊच शकत नाही. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत. त्याची बीजं युक्लिडकडे आहेत आणि काटेकोर सिद्धता गाउसने १८०१ मध्ये दिली.

आता गंमत बघा. माझ्याकडे टी, ई, ए, एम आहेत. मेट (एम-ई-टी) हा शब्द होईल का? त्याचा गुणाकार ३२,०२१. ६४,०४२ ला त्याने भागलं की बाकी शून्य, म्हणजे शब्द होतो. भागाकार आला २, म्हणजे हातात ए उरला! भागाकार उरलेली अक्षरंसुद्धा सांगतो. मीट (एम-ई-ई-टी) मात्र होणार नाही, कारण त्यात ११ दोनदा लागतात आणि आपल्याकडे एकदाच आहेत. कॅटचे ७१०, भागल्यावर १४२ उरतात, म्हणून तोही बाद. विशिष्ट अक्षरं असलेला शब्द हवा असेल तर भागाकार उलटा करायचा: शब्दाच्या संख्येला त्या अक्षरांच्या गुणाकाराने भागायचं. अमुक अक्षरं नकोत, जसं वर्डल या शब्द ओळखायच्या खेळात असतं, तर दोघांचा मसावि १ यायला हवा. दोन शब्दांपैकी कुठलाही बनवता येईल एवढ्या कमीत कमी टाइल्स कोणत्या? लसावि! भाची गुजराती माध्यमातली, तिच्या भाषेत गुसाअ आणि लसाअ. "हे कुठे लागतं आयुष्यात?" असं तिने मला मागच्या वर्षी विचारलं होतं.

२०१९ च्या कॉलिन्स स्क्रॅबल यादीत २,७९,४९६ शब्द आहेत. त्यांचे गुणाकार एकदाच करून ठेवले की पुढे फक्त भागाकार उरतात. सगळी अक्षरं वापरणारा शब्द हवा असेल तर तेही नकोत, थेट ६४,०४२ चा खण उघडायचा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून ग्रंथालयं उभारली. तिथे आपण पुस्तकासाठी कपाटंन् कपाटं धुंडाळत नाही, क्रमांक बघतो. तसंच हे.

एक अडचण आहे. संगणकात एका संख्येसाठी सहसा असते त्या चौसष्ट बिटच्या (चौसष्ट द्विमान अंकांच्या) जागेत १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१५ पर्यंतचीच पूर्ण संख्या मावते. स्ट्रेसलेसनेससारख्या शब्दात एस सातदा येतो, आणि ६७ चा सातवा घातच तेरा अंकी होतो. पुढची अक्षरं गुणली की जागा ओसंडते. म्हणून जास्त येणाऱ्या अक्षरांना लहान मूळ संख्या द्यायच्या: ई ला २, एस ला ३, आणि क्यू-झेडला शेवटच्या. अक्षरांची वारंवारता मोजायचं काम स्क्रॅबल घडवणाऱ्या आल्फ्रेड बट्सने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांवरून केलं होतं. म्हणूनच १०० टाइल्समध्ये ई १२ आहेत आणि क्यू एकच. शब्दकोड्यासारखी अक्षरांची जागा ठरलेली असेल तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे शब्द फांद्याफांद्यांच्या झाडासारखे साठवतात.

अक्षरांना अंक देणं म्हटलं की आपल्याकडे न्यूमरॉलॉजी आठवते, नावात एक जादा ए घालून नशीब बदलणारी. ते अंकांची बेरीज करतात. ए ला १, बी ला २ धरलं तर कॅटची बेरीज २४, आणि लेगचीही २४. मग बहुतेकजण ती एक अंकी करतात, म्हणजे जगातली सगळी नावं नऊ खणांत कोंबली जातात. एवढी माहिती फेकून दिल्यावर उरलेल्या अंकाने माणसाबद्दल काय सांगावं? त्यापायी लोक पैसे मोजतात, कागदपत्रांवरची नावं बदलतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भाचीने मग मराठी करून बघितलं. र ला २, म ला ३, काना ५. राम, रमा, मार, मरा, सगळे ३०. "म्हणजे वाल्या कोळ्याचं मरा आणि राम एकाच खणात!" ती ओरडली. आता ती पुठ्ठ्याच्या टाइल्स कापते आहे, आणि आमचा वाद चालू आहे: क्ष ला स्वतंत्र टाइल द्यायची, की क, ष आणि मध्ये एक हलन्त?