बुलिंग वेगळं, वंशद्वेष वेगळा: शाळांची गल्लत होते ती इथे

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रकार नवा नाही. सातवी-आठवीतलं पोर घरी येऊन सांगतं, की डबा उघडला की मुलं नाक दाबतात, 'तुझ्या देशात परत जा' म्हणतात. आईबाप शाळेला ईमेल करतात. उत्तर येतं, की आमच्याकडे बुलिंग खपवून घेतलं जात नाही, संबंधित विद्यार्थ्याला समज दिली आहे. उत्तर सभ्य असतं, बहुतेकदा प्रामाणिकही असतं. फक्त तक्रार एका दुखण्याची आणि औषध दुसऱ्याचं, असं होऊन बसतं.

बुलिंग म्हणजे आपली दादागिरी. तिथे त्रास देणारा ठरलेला असतो, निमित्त मात्र काहीही चालतं: चष्मा, बोबडं बोलणं, गणितात कच्चं असणं, नाहीतर फारच पक्कं असणं. त्या दादाला आवरलं, बाक बदलला, त्याच्या घरच्यांना बोलावलं की पुष्कळदा प्रकरण निवतं. वंशद्वेषी छळात उलटं असतं. शब्द ठरलेले असतात आणि बोलणारी तोंडं बदलत राहतात. आज एकाला शिक्षा झाली तर उद्या तीच शिवी तिसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, कारण ती कुणा एकाची नसतेच. ती शाळेच्या हवेत असते.

दोन्ही एकाच वेळी घडू शकतात, म्हणून तर गोंधळ होतो. शिवाय बुलिंगच्या बहुतेक व्याख्यांमध्ये 'वारंवार' आणि 'ताकदीचा असमतोल' असे शब्द असतात. त्यामुळे जवळच्या मित्राने हसत हसत एकदाच मारलेला रंगावरचा टोमणा त्या व्याख्येत बसत नाही, आणि शाळा फाईल बंद करते. इकडे त्याच रंगाच्या आणखी चार मुलांनी तो टोमणा ऐकलेला असतो.

हा फरक कोर्टात किती महागात पडू शकतो, ते न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन प्लेन्सच्या खटल्यात दिसलं. गाव लहान, शाळेत गोरी मुलंच जवळजवळ सगळी. 2005 साली सावळ्या रंगाचा, एक पालक गोरा आणि एक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचा) असलेला मुलगा नववीत दाखल झाला. पुढची साडेतीन वर्षं त्याने काळ्यांना हिणवणारी ती कुप्रसिद्ध शिवी ऐकली, धक्काबुक्की सोसली, लिंचिंगची, म्हणजे जमावाने काळ्यांना फासावर लटकवण्याची, आठवण करून देणाऱ्या धमक्या झेलल्या. शाळा गप्प बसली होती असं मुळीच नाही. नाव कळलं की ती त्या मुलावर कारवाई करायची, निलंबितही करायची. तरी नवी नावं येतच राहिली. स्थानिक मानवी हक्क आयोग आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना यांनी या मुलासोबत दिवसभर राहील असा माणूस आणि वंशभेदाबद्दलचं प्रशिक्षण फुकट देऊ केलं होतं. शाळेने ते घेतलं नाही. जे कार्यक्रम ठेवले, ते एकतर ऐच्छिक होते, नाहीतर त्यांचा वंशाच्या प्रश्नाशी ओझरता संबंध होता. ज्यूरीने साडेबारा लाख डॉलर भरपाई दिली, ती कमी होऊन दहा लाखांवर आली, आणि 2012 मध्ये अपील कोर्टाने ती कायम ठेवली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की सुट्या सुट्या शिक्षांनी बाकीच्यांना जरब बसत नाही हे दिसत असूनही शाळा तेच करत राहिली. मला या खटल्यात सगळ्यात बोलकी वाटते ती हीच गोष्ट. शिक्षा करूनही शाळा हरली.

कायद्याच्या दृष्टीनेही अमेरिकेत दोन वेगळे रस्ते आहेत. बुलिंगचे कायदे राज्याराज्यांचे. वंशावरून होणारा छळ मात्र 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सहाखाली येतो, आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला तो लागू होतो. शिक्षण खात्याने 2010 मध्ये शाळांना पत्र लिहून बजावलंही होतं, की एखाद्या घटनेला 'बुलिंग' म्हटलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

आता हवा बदलायची म्हणजे गोऱ्या मुलांना सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? तेही करून झालं आहे. मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलमध्ये 1986 साली अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या मुलाचा शाळेच्या मैदानात त्याच्याच वयाच्या गोऱ्या मुलाने खून केला. शाळेचं वंशवादविरोधी धोरण त्याआधीपासूनच होतं. मॅक्डोनल्ड चौकशी समितीने वंशवादाचं अस्तित्व ठामपणे मान्य केलं, पण त्या धोरणाच्या अंमलबजावणीवरही कोरडे ओढले: गोऱ्या कामगार वस्तीतली मुलं आणि त्यांचे पालक यांना बाहेरच ठेवून, वरून उपदेश केल्याने तेढ वाढली.

आपल्याकडे महाविद्यालयांसाठी यूजीसीने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत वंश, रंग, जात, प्रादेशिक ओळख यांवरून होणारा छळ घातला. ते बरंच झालं, पण पुण्यात शिकणाऱ्या मणिपुरी मुलीला 'चिंकी' म्हणणारा दरवेळी महाविद्यालयातलाच असतो असं नाही. कधी तो वर्गमित्र असतो, कधी रिक्षावाला. तिच्या लेखी शब्द तोच.

म्हणून तक्रार लिहिताना 'माझ्या मुलाला त्रास देतात' एवढ्यावर थांबू नये. नेमके शब्द जसेच्या तसे लिहावेत, कितीही घाणेरडे असले तरी. तारखा द्याव्यात, आणि किती वेगवेगळ्या मुलांनी ते वापरले तेही. मग शाळेला दोन वेगळे प्रश्न विचारावेत: या मुलाचं काय करणार, आणि बाकीच्या वर्गाचं काय करणार? पहिल्याचं उत्तर बहुतेक त्याच दिवशी मिळतं. दुसऱ्यासाठी मागे लागावं लागतं, आणि ते लेखीच मागावं.