बॉनेटवरचं नाव सोडा, आत इंजिन कोणाचं ते बघा

कॅनडात जुनी सॅटर्न व्ह्यू (जनरल मोटर्स, म्हणजे जीएमच्या सॅटर्न ब्रँडची गाडी) विकत घेत असाल, तर आधी बॉनेट उघडायला लावा. 2004 ते 2007च्या व्ही-6 मॉडेलमध्ये इंजिन जीएमचं नाही, होंडाचं आहे: जे-35 कुळातलं, 3.5 लिटर, 250 अश्वशक्तीचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही होंडाचाच. सॅटर्न केव्हाच बंद पडली, तरी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आणि वॉटर पंप होंडाचे चालतात.

घोळ होतो तो गिअरबॉक्सच्या तेलात. गाडी जीएमची म्हणून मेकॅनिक सवयीने जीएमचं गिअरबॉक्स तेल, डेक्स्रॉन, ओततो. होंडाच्या या गिअरबॉक्समध्ये नेहमीचे प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती फिरणारे) गिअर नसतात. समांतर शाफ्टवर गिअरागणिक क्लचपॅक (क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा) असतात आणि त्यांची पकड तेलातल्या रसायनांवर ठरते. तेल चुकलं की गिअर पडताना गाडी थरथरते, पुढे क्लच घसरून जळतात. होंडाचं गिअरबॉक्स तेल डीडब्ल्यू-1च घालावं. चुकीचं पडलंच असेल तर एकदा बदलून भागत नाही. ड्रेन प्लगमधून जेमतेम 3 लिटर निघतं, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तेलाच्या डब्यात) अडकून राहतं. काढा, भरा, सगळे गिअर पडतील इतकी चालवा, असं तीनदा.

टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी होंडाचा आकडा 1,68,000 किलोमीटरचा. पण गाडी कायम उणे 29 अंशांखालच्या थंडीत चालत असेल तर सुमारे 1 लाखाचा, आणि कडाक्याच्या थंडीच्या विनिपेग शहरातल्याने हाच धरलेला बरा. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्टच्याच कामात व्हॉल्व्हची फटही तपासून घ्यावी: थंड इंजिनात इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) 0.20 ते 0.24 मिमी, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्याला) 0.28 ते 0.32. इथे फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, ती हातानेच लावावी लागते. एक्झॉस्टची फट कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि जळतो.

जीएमच्याच पाँटिअ‍ॅक ब्रँडच्या व्हाइबचं दुखणं वेगळं. ही टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण. मॅट्रिक्स ऑन्टारिओतल्या केंब्रिजची, व्हाइब कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. सुरुवातीच्या 1.8 लिटर 1झेडझेड-एफई इंजिनात पिस्टनची तेल परतण्याची भोकं बारीक होती. ती काजळीने बुजतात, रिंगा चिकटतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं. घेण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघाच. बेल्टची चिंता मात्र नाही, चेन आहे.

नावाला सर्वात फसवी कॅनडातली सुझुकी स्विफ्ट+. आपल्या मारुती स्विफ्टशी तिचं काही नातं नाही. ती कोरियाच्या देवू कंपनीची गाडी, भारतात शेवरले अव्हिओ म्हणून आलेली. सुट्या भागांच्या दुकानात अव्हिओच सांगायचं.